घराबाहेर लॅपटॉपला नेट: ठाणे आणि नवी मुंबईत फिरणाऱ्यांसाठी

बाहेर काम करायची वेळ आली की बहुतेक जण आधी विचारतात, "इथे वायफाय आहे का?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. ठाणे–नवी मुंबईच्या पट्ट्यात लॅपटॉपला नेट पुरवणारी सर्वांत भरवशाची वस्तू खिशातच असते, ती म्हणजे फोन. स्टेशनचे वायफाय, मॉल, कॅफे, नातेवाइकांचे राउटर यांचा नंबर त्यानंतर. हॉटस्पॉटने दगा दिला अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण खोलात गेले की कळते, घरी पंधरा मिनिटांत होणारी तयारी राहून गेलेली असते. म्हणून आधी तीच.

निघण्याआधी, घरीच

फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट उघडा. अँड्रॉइडवर तो 'नेटवर्क अँड इंटरनेट' किंवा 'कनेक्शन्स'मध्ये 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग' या नावाने सापडेल, आयफोनवर 'पर्सनल हॉटस्पॉट'. नाव साधे ठेवा, पण त्यात स्वतःचे पूर्ण नाव, फ्लॅट नंबर असले काही घालू नका. भरल्या लोकलमध्ये ते नाव शंभर फोनवर दिसते. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा ठेवा. एकदा लॅपटॉपने तो लक्षात ठेवला की पुन्हा टाइप करायचा नसतो, त्यामुळे लांब ठेवायला कंजुषी कशाला?

मग बँड. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालतो किंवा ५ वर. ५ वेगवान, पण त्याचा पल्ला कमी आणि भिंत आली की तो दमतो. काही जुन्या लॅपटॉपना तो दिसतच नाही. "माझा हॉटस्पॉट यादीत येतच नाही" या तक्रारीमागे बरेचदा हेच असते. लॅपटॉप जुना असेल तर २.४ निवडा. आयफोनवर त्यासाठी 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' नावाचे बटण आहे. आयफोनचा हॉटस्पॉट जोडणी होईपर्यंत त्याच स्क्रीनवर उघडा ठेवा. ती स्क्रीन बंद केली की थोड्या वेळाने तो लॅपटॉपला दिसेनासा होतो. अँड्रॉइडवर 'डेटा सेव्हर' चालू असेल तर बऱ्याच फोनवर हॉटस्पॉट सुरूच होत नाही, बटण नुसते करडे दिसते. तिथे फोन बिघडलेला नसतो, डेटा सेव्हर बंद करायचा एवढेच.

आता लॅपटॉप घ्या आणि घरीच त्याला हॉटस्पॉट जोडा. जोडला की सगळ्यात महत्त्वाचे काम करायचे आहे, आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडून 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे 'इथे डेटा मोजून वापर' अशी खूण) चालू करा. लॅपटॉपला फोनचे नेट आणि घरची फायबर यांतला फरक आपोआप कळत नाही. नेट दिसले की तो अपडेट ओढायला लागतो, वनड्राइव्ह फोटो चढवायला लागते, आणि तासाभरात दिवसाचा दीड-दोन जीबी संपतो. मीटर्ड केले की विंडोज बहुतेक अपडेट थांबवून ठेवते आणि वनड्राइव्ह स्वतःहून थांबते. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा खेळांची लाँचर असतील तर त्यांना हाताने पॉज करा. मॅकवर याच कामासाठी त्या वायफायच्या तपशिलात 'लो डेटा मोड' आहे.

मीटर्डची ही खूण त्या नावाच्या नेटवर्कपुरतीच असते. उद्या हॉटस्पॉटचे नाव बदलले तर लॅपटॉपच्या लेखी ते नवे नेटवर्क, आणि मीटर्ड पुन्हा बंद.

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र झालेली असते. म्हणजे ते ८ ते १४ तारखेच्या मध्ये कधीतरी पडते. जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र, दर महिन्याला भरणाऱ्यांची मुदत ११ तारीख. अकौंट्सवाल्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात: त्या आठवड्यात बाहेर निघण्याच्या आदल्या रात्री लॅपटॉप घरच्या वायफायवर चालू ठेवून अपडेट, रीस्टार्ट सगळे उरकून घ्यायचे.

आणखी एक गोष्ट घरीच विचारून ठेवा, ओटीपी कोणाच्या फोनवर येणार? पोर्टलला नंबर दुकानाच्या मालकाचा आणि मालक गावी, असे झाले तर कितीही वेगवान नेट असून उपयोग नाही. ज्या फाइलींवर काम करायचे त्या लॅपटॉपवर उतरवून घ्या, गूगल डॉक्स असतील तर 'ऑफलाइन' चालू करा. नेट मग फक्त पाठवण्यापुरते लागते.

किती डेटा लागेल?

हिशेब सोपा आहे. १ एमबीपीएस वेगाने तासभर सलग डेटा गेला तर ४५० एमबी होतात. झूमवर दोघांचा व्हिडिओ कॉल तासाला साधारण अर्धा ते एक जीबी घेतो, गटातली मीटिंग त्याहून जास्त. कॅमेरे बंद करून फक्त आवाज ठेवला तर तासाला १०० एमबीच्या आत भागते. तेव्हा दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर सकाळची मीटिंग कॅमेऱ्यासकट आणि दुपारची फक्त आवाजावर, एवढे तरी आधी ठरवा. समोरच्याने स्क्रीन शेअर केली असेल तर इतरांचे चेहरे बघायची गरज कुणालाच नसते, हे माझे वैयक्तिक मत.

दिवसाचा डेटा संपला की नेट तुटत नाही. जिओ, एअरटेलच्या नेहमीच्या पॅकवर वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. ५ एमबीची पीडीएफ पाठवायला दहा-अकरा मिनिटे, तीही मध्ये काही तुटले नाही तर. मेलमधला मजकूर जाईल, पोर्टलचे पान मात्र अर्ध्यात टाइमआउट होईल. अशा वेळी झगडत बसण्यापेक्षा डेटाचे छोटे व्हाउचर मारा. ते मारायलाही नेट लागतेच, म्हणून रिचार्जचे अ‍ॅप फोनवर आधीपासून लॉगिन केलेले असू द्या.

'अनलिमिटेड ५जी'वर विसंबणाऱ्यांसाठी एक सूचना. फोन ५जीवर असेल तोवरच ते अनलिमिटेड. इमारतीच्या आत गेलात, फोन ४जीवर घसरला, की वापर रोजच्या कोट्यातून कापला जातो आणि लॅपटॉपवर त्याचा काहीच पत्ता लागत नाही. फोनच्या माथ्यावरच्या चिन्हाकडे अधूनमधून नजर टाकायची.

केबल की वायफाय?

जागेवर बसून तासाभराहून जास्त काम असेल तर यूएसबी केबल लावा. फोन जोडा, हॉटस्पॉटच्याच पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, झाले. फोन चार्ज होत राहतो, आजूबाजूच्या पन्नास वायफायची गर्दी आड येत नाही आणि जोडणी स्थिर राहते. तोटा एवढाच, की आता फोन लॅपटॉपची बॅटरी पितो.

केबल डेटाची हवी. स्वस्त चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांनी फोन चार्ज होईल पण टेदरिंगचे बटण जागेच होणार नाही. विंडोज लॅपटॉपला आयफोन केबलने जोडायचा तर 'अ‍ॅपल डिव्हायसेस' किंवा आयट्यून्स आधी टाकून ठेवावे लागते. मॅकला बरेच अँड्रॉइड फोन केबलने ओळखता येत नाहीत, तिथे वायफायच बरे. केबलने जोडलेले नेट विंडोजला 'इथरनेट' दिसते, म्हणून मीटर्डची खूण तिथे वेगळी करावी लागते. काही फोन दर वेळी नवा पत्ता घेऊन येतात आणि विंडोज त्यांना नेटवर्क २, नेटवर्क ३ अशी नावे देत बसते. अशा फोनवर ती खूण टिकत नाही, दर वेळी तपासा.

ब्लूटूथनेही टेदरिंग होते. ते संथ असते, पण बॅटरी कमी खाते. दोन मेल पाठवायला पुरे.

रेंज नाही, किंवा रेंज असून नेट नाही

नवी मुंबईत नेट दोन प्रकारच्या जागी हमखास अडते: तुर्भे–रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि स्टेशनबाहेर संध्याकाळी सातला. दोन्हींची कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

शेडमध्ये धातू सिग्नल अडवतो. एपीएमसी बाजाराच्या गाळ्यात आतल्या बाजूला, पोत्यांच्या थप्पीमागे बसलात तर टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत पोचतच नाही. इथे स्वतः शटरजवळ जाऊन बसायची गरज नाही. फोन शटरजवळ किंवा खिडकीत ठेवा, हॉटस्पॉट २.४ वर करा आणि लॅपटॉप आत टेबलावर राहू द्या. टॉवर ते फोन हे अंतर अवघड असते, फोन ते लॅपटॉप हे सोपे. अवघड टप्प्यात फोनला चांगली जागा मिळाली की बाकीचे आपोआप होते. फोनवर लक्ष ठेवायला मात्र तिथल्या कुणाला तरी सांगा. आणि तो उन्हात ठेवू नका: चार्जिंग, हॉटस्पॉट आणि ऊन एकत्र आले की फोन तापतो आणि तापलेला फोन वेग आपणहून कमी करतो.

सिग्नल नेमका किती हे दांड्यांवरून कळत नाही. अँड्रॉइडवर 'अबाउट फोन'मध्ये 'सिम स्टेटस' उघडलेत तर उणे चिन्हाचा आकडा दिसेल. उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या पुढे गेला तर मीटिंगचा नाद सोडा. खोलीत दोन पावले इकडेतिकडे फिरून हा आकडा बघितलात तर बसायची जागा लगेच ठरते.

गर्दीत गोष्ट उलटी असते. वाशी किंवा ठाणे स्टेशनबाहेर दांड्या पूर्ण, आकडाही चांगला, पण एकाच टॉवरवर हजारो फोन लटकलेले. इथे फोन हलवून काही होत नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम असेल तर डेटा तिकडे वळवा. दोन सिमच्या फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवायची ती याचसाठी. दुसऱ्यावर छोटा पॅक असला तरी चालतो. नाहीतर सरळ चालू लागा: स्टेशनपासून पाच-सात मिनिटे दूर गेलात की फरक जाणवतो. फ्लाइट मोड चालू-बंद केल्यानेही कधी कधी फोन दुसरा टॉवर पकडतो.

५जी काठावर असलेल्या ठिकाणी फोन सारखा ५जी–४जी अशा उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला मीटिंग अडखळते. महत्त्वाचा कॉल असेल तेवढा वेळ नेटवर्क ४जीवर बांधून ठेवा. डेटा कोट्यातून जाईल, पण आवाज तुटणार नाही.

लोकलमध्ये लॅपटॉप उघडायचा का? ट्रान्स-हार्बरवर दुपारी बसायला जागा मिळते, मेल लिहिता येतात. मीटिंग मात्र घेऊ नका, गाडी चालताना फोन टॉवर बदलत राहतो. आणि मुख्य मार्गावर मेल-एक्स्प्रेसने ठाण्याहून कल्याणकडे निघालात तर पारसिक बोगद्यात कॉल तुटणार हे धरूनच चाला. हॉटस्पॉटवाला फोन दाराशी उभे राहून हातात धरू नका. रुळाकडेने फटका मारून फोन पाडणारे अजून गेलेले नाहीत.

स्टेशन, मॉल, कॅफे

रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचे 'रेलवायर' वायफाय मध्य रेल्वेच्या बऱ्याच स्थानकांवर मिळते. जानेवारी २०१६ मध्ये गूगलच्या साथीने मुंबई सेंट्रलपासून ही सेवा सुरू झाली. नंतर गूगल बाहेर पडले आणि रेलटेलने ती पुढे चालू ठेवली. दिवसातली पहिली ३० मिनिटे मोफत, त्यापुढे पैसे भरून पॅक. मोफत वेळेत वेग १ एमबीपीएसपर्यंत. म्हणजे फाइल पाठवायला ठीक, मीटिंगला नाही. लॅपटॉपवर 'रेलवायर' निवडा, ब्राउझरमध्ये पान उघडेल, मोबाइल नंबर द्या, ओटीपी टाका. सकाळी नऊला ठाण्याच्या फलाटावर लॅपटॉप उघडण्याचा विचार कुणी करणार नाही, पण सिडकोने बांधलेल्या वाशी, बेलापूरसारख्या स्थानकांच्या ऐसपैस आवारात अर्धा तास टेकता येते.

ओटीपीचा हा जाच कशासाठी, असे वाटत असेल तर त्याचा एक धागा नवी मुंबईतच आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल गेला, तो सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या उघड्या वायफायचा वापर करून. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाला पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना काढल्या. म्हणून भारतीय नंबर नसलेला, अमेरिकेहून आलेला भाचा वाशीच्या मॉलमध्ये वायफायसाठी ताटकळतो. त्याला सरळ स्वतःचा हॉटस्पॉट द्या. आणि याच कारणाने, मोबाइल नेटवर्क पूर्ण गेलेले असताना सार्वजनिक वायफायचा आधार उरत नाही: ओटीपीच येणार नाही.

लॉगिनचे पान उघडतच नाही, हा या वायफायचा कायमचा आजार. लॅपटॉप म्हणतो जोडले, ब्राउझर म्हणतो नेट नाही. अशा वेळी ऑफिसचे व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) चालू असेल तर आधी बंद करा, लॉगिन झाल्यावरच चालू करा. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) हाताने बदललेला असेल तर तो आपोआपवर आणा. मग ब्राउझरच्या पत्त्यात 'neverssl.com' टाका. ही साइट मुद्दाम कुलूप (https ची सुरक्षित जोडणी) नसलेली ठेवली आहे, त्यामुळे वायफायला तुम्हाला अडवून आपले पान दाखवता येते. तरीही लॅपटॉप हटून बसला तर फोनला त्या वायफायवर लॉगिन करा आणि मग फोनवरून यूएसबी टेदरिंग करा. अँड्रॉइड फोन आपल्याला मिळालेले वायफायच केबलने लॅपटॉपला पुरवतो.

पीएम-वाणी ही आणखी एक सोय. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. यात छोट्या दुकानदारालाही परवाना शुल्काशिवाय वायफाय विकता येते. तिचे अ‍ॅप फोनवर असेल तर जवळपास काही आहे का ते कळते, आधीपासून मोजून ठेवण्यासारखा हा पर्याय मला वाटत नाही.

कॅफेत बसायचेच तर ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी बघा: प्लग कुठे आहे, आणि वायफायचे नाव काउंटरवर विचारून घ्या. यादीत दिसणारे त्या कॅफेच्या नावाचे वायफाय कॅफेचेच असेल असे नाही, त्याच नावाचा हॉटस्पॉट कोणीही सुरू करू शकतो. जोडताना विंडोजने विचारले तर 'पब्लिक' निवडा, म्हणजे तुमचा लॅपटॉप शेजारच्यांना दिसत नाही. आजकाल जवळजवळ सगळ्या साइटवर कुलूप असते, त्यामुळे कॅफेच्या वायफायला घाबरून मेलही बघायचा नाही असे करू नका. पण बँक आणि आयकर यांच्यासाठी स्वतःचा डेटाच बरा. ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दाखवला तर 'तरीही पुढे जा' दाबायचे नाही. उठताना ते नेटवर्क 'फरगेट' करा, नाहीतर पुढच्या वेळी नुसते जवळून गेलात तरी लॅपटॉप स्वतःहून चिकटेल.

अभ्यासिका आणि वाचनालये शांत असतात, पण तिथे बोलता येत नाही. नेट स्वतःचे आणि जागा त्यांची, असे धरून जा.

आत्याकडे, मावशीकडे

"मावशी, वायफायचा पासवर्ड काय गं?" "अरे, तो दादालाच माहीत, आणि तो कामावर गेलाय." हा संवाद घराघरात होतो. दादाला फोन करायची गरज नाही. मावशीचा फोन वायफायला जोडलेलाच असतो. तिच्या अँड्रॉइडवर त्या वायफायच्या पानावर 'शेअर' दाबले की क्यूआर येतो आणि बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्ड लिहिलेला दिसतो. आयफोनवर वायफायच्या नावापुढच्या 'आय'वर टिचकी मारली की पासवर्ड बघता येतो. अर्थात आधी तिला विचारून.

राउटर बहुधा टीव्हीच्या मागे कपाटात कोंबलेला असतो आणि तुम्हाला झोपायला दिलेली खोली दुसऱ्या टोकाला. महत्त्वाचे काम असेल तेव्हा हॉलमध्ये बसा, किंवा राउटरच्या मागच्या मोकळ्या छिद्रात लॅन केबल लावा. नव्या पातळ लॅपटॉपना ते छिद्र नसते, त्यांना यूएसबीचा अडॅप्टर लागतो. घरात संध्याकाळी सगळ्यांच्या मालिका नेटवर चालू असतात, तेव्हा मीटिंग सकाळची ठेवलेली बरी.

अडले तर कुठून तपासायचे?

आधी फोनच्याच ब्राउझरमध्ये एखादी न उघडलेली साइट उघडा, वायफाय बंद ठेवून. फोनवरच उघडत नसेल तर लॅपटॉपला दोष देऊन उपयोग नाही: डेटा संपला, रेंज गेली किंवा टॉवर तुंबला.

फोनवर उघडते आणि लॅपटॉपवर नाही? मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ipconfig' चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर फोनकडून लॅपटॉपला पत्ताच मिळालेला नाही. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा चालू करा, लॅपटॉपवर ते नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड नव्याने टाका. पत्ता नीट असेल आणि तरीही सगळ्या साइट अडत असतील तर व्हीपीएन आणि डीएनएस बघा. फोनवरचे व्हीपीएन लॅपटॉपला सहसा लागू होत नाही, लॅपटॉपचे वेगळे तपासावे लागते. सगळ्या साइट सुरक्षिततेचा इशारा देत असतील तर लॅपटॉपच्या घड्याळाकडे बघा: बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली की असे होते.

नेट आहे पण रडतखडत चालते, तेव्हा विंडोजच्या 'डेटा युसेज'मध्ये कोणते अ‍ॅप किती खाते आहे ते दिसते. पहिल्या तीन नावांत तुमच्या कामाचे अ‍ॅप नसेल तर चोर सापडला. त्याला बंद करा आणि मगच वेग मोजा. वेग मोजणाऱ्या साइट स्वतः शंभरेक एमबी सहज उडवतात, दर पाच मिनिटांनी त्या चालवू नका.

पावसाळ्यात वीज गेली की सोसायटीचा फायबर आणि घरचा राउटर दोन्ही बसतात. मोबाइल टॉवर बॅटरीवर काही काळ तग धरतो, पण त्याच वेळी अख्खी वस्ती वायफायवरून मोबाइल डेटावर येते. म्हणून आभाळ भरून आले असेल तर अपलोड आधी उरका आणि मीटिंगला फोन नंबरवरून जोडायची सोय असेल तर तो नंबर कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप ८० टक्क्यांवर, फोन पूर्ण आणि पॉवर बँक बॅगेत असेल तर दुपार निघते. काम संपले की हॉटस्पॉट हाताने बंद करा, स्वयंचलित बंद होण्याची वाट बघू नका.